गाडी आणि घराच्या विम्यावर पैसे कसे वाचवाल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं नातेवाईक, शेजारी आणि मित्रमंडळी नूतनीकरणाची नोटीस आली की ती घेऊन माझ्याकडे येतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवली आहेत. नियम देशागणिक बदलतात, त्यामुळे तुमच्या पॉलिसीत जे छापलं आहे तेच अखेर लागू होणार. हिशेब करायची रीत मात्र कुठेही तीच राहते.

प्रीमियम कमी करायचा तर सुरुवात कुठून करायची?

आधी हे ठरवा की कोणतं नुकसान तुम्ही स्वतः सोसू शकता. बंपरला ओरखडा गेला, आरसा तुटला, कपाटाचं दार मोडलं, तर तो महिना ओढाताणीचा जाईल, पण घर चालेल. घरच जळालं, किंवा तुमच्या गाडीच्या धक्क्याने कोणी कायमचं जायबंदी झालं, तर आयुष्यभराची कमाई त्यात जाऊ शकते. विमा या दुसऱ्या प्रकारासाठी घ्यायचा असतो. मी पाहिलेल्या पॉलिसींमध्ये बऱ्याचदा उलटंच दिसतं. ओरखड्यासाठी पुरेपूर संरक्षण घेतलेलं असतं आणि घराची विमा रक्कम दहा वर्षांपूर्वीचीच पडून असते.

लहान नुकसानीचा विमा महाग का पडतो, तेही सांगतो. क्लेम कितीही छोटा असला तरी त्याची फाइल उघडते, नुकसानीची पाहणी करणारा सर्व्हेअर येतो, अंदाजपत्रक तपासलं जातं, कोणीतरी सही करतं. हा सगळा खर्च प्रीमियममधूनच निघतो. म्हणजे दुरुस्तीचे पैसे तर तुमचेच, वर ते तुमच्याकडे परत यायचा खर्चही तुमचाच. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी 1963 मध्ये हे गणिताने मांडलं होतं. विमा कंपनी प्रीमियमवर आपला खर्च चढवते, तेव्हा ग्राहकाने ठरावीक रकमेपर्यंतचं नुकसान स्वतः सोसावं आणि त्यापुढचं सगळं कंपनीवर सोपवावं, हा करार सर्वांत फायद्याचा ठरतो. पुढची बरीचशी उत्तरं या एका मुद्द्यावर उभी आहेत.

म्हणजे डिडक्टिबल वाढवायचं? त्याने खरंच फरक पडतो?

डिडक्टिबल म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये पहिली जी रक्कम तुम्ही स्वतः भरता ती. ती वाढवली की प्रीमियम उतरतो. पण किती उतरतो हे विचारल्याशिवाय निर्णय घेऊ नका, कारण काही ठिकाणी चांगली सूट मिळते आणि काही ठिकाणी अगदीच नावापुरती.

हिशेब पाटीवर करता येईल इतका सोपा आहे. समजा डिडक्टिबल 10,000 आहे. ते 30,000 केलं तर वर्षाचा प्रीमियम 2,500 ने कमी होतो असं कंपनी सांगते. तुम्ही जास्तीची जोखीम घेतली 20,000 ची. 20,000 ला 2,500 ने भागा: आठ वर्षं. आठ वर्षांत तुमचा एकापेक्षा कमी क्लेम होत असेल, तर वाढवणं फायद्याचं. आता तीच सूट 2,500 ऐवजी फक्त 600 असेल, तर तेच पैसे वसूल व्हायला 33 वर्षांहून जास्त लागतील. तिथे हात लावायचं काही कारण नाही.

जस्टिन सिडनर या अर्थशास्त्रज्ञाने 2010 मध्ये अमेरिकेतल्या घरविम्याच्या हजारो पॉलिसी तपासून एक अभ्यास प्रसिद्ध केला. डिडक्टिबल 1,000 डॉलरवरून 500 वर आणण्यासाठी लोक वर्षाला साधारण 100 डॉलर जास्त भरत होते. क्लेम करणाऱ्यांचं प्रमाण मात्र शंभरात पाचाहून कमी होतं. म्हणजे जी गोष्ट सरासरीने 25 डॉलरचीही नव्हती, तिच्यासाठी ते चौपट मोजत होते. मला हे वाचून आश्चर्य वाटलं नाही. कोटेशनच्या फॉर्मवर आधीच भरून आलेला आकडा बदलावा, असं आपल्याला सहसा सुचतच नाही.

यात एक अट आहे आणि ती पाळता येत नसेल तर वरचं सगळं विसरा. वाढवलेली डिडक्टिबलची रक्कम बँकेत वेगळी, हात न लावता ठेवलेली हवी. ती नसेल तर अपघाताच्या दिवशी उधारी करावी लागेल आणि वाचवलेला प्रीमियम व्याजात जाईल.

एकाच घराला, एकाच गाडीला दोन कंपन्या इतके वेगळे दर कशा सांगतात?

प्रत्येक कंपनी जोखीम आपल्या अनुभवावरून मोजते, आणि प्रत्येकीचा अनुभव वेगळा असतो. हे विम्याइतकंच जुनं आहे. 1666 च्या आगीत लंडन जळाल्यावर निकोलस बार्बन याने तिथे घरांचा आगविमा विकायला सुरुवात केली, तेव्हा विटांच्या घराला जो दर होता त्याच्या दुप्पट लाकडी घराला होता.

माझा आवडता दाखला फिलाडेल्फियाचा आहे. बेंजामिन फ्रँकलिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिथे 1752 मध्ये एक विमा संस्था काढली. पुढे 1781 मध्ये त्या संस्थेने ठरवलं की ज्या घरासमोर झाडं आहेत त्याचा विमा घ्यायचा नाही, कारण आग लागली की झाडं बंबवाल्यांच्या आड येतात. मग 1784 मध्ये दुसरी संस्था उभी राहिली. तिने झाडं असलेल्या घरांचा विमा थोडा जादा आकार घेऊन स्वीकारला आणि आपली खूण म्हणून हिरवं झाडच निवडलं. घरं तीच, झाडंही तीच. एकीने दार बंद केलं आणि दुसरीने तोच आपला धंदा केला.

आजही तसंच चालतं. एखादी कंपनी नवशिक्या चालकांना टाळते, एखादीला जुनी घरं नको असतात, एखादीला नेमके तुमच्यासारखेच ग्राहक हवे असतात. ते बाहेरून कळत नाही, विचारल्यावरच कळतं. म्हणून किमान तीन ठिकाणचे दर मागवा.

तुलना करताना लोक कुठे चुकतात?

खालचा एकूण आकडा बघून मोकळे होतात. एका कोटेशनमध्ये डिडक्टिबल 10,000 आणि दुसऱ्यात 40,000, मग दुसरं स्वस्त दिसणारच. आपल्या सध्याच्या पॉलिसीचं पहिलं पान समोर ठेवा, ज्यावर विमा रक्कम, मर्यादा, डिडक्टिबल आणि ॲड-ऑन (जादा पैसे देऊन घेतलेली वाढीव संरक्षणं) छापलेले असतात. प्रत्येक कंपनीकडून त्याच आकड्यांवर दर मागा. जे स्वस्त पडेल त्यात काय वगळलं आहे ते पान वाचल्याशिवाय पैसे भरू नका. कंटाळवाणं असतं, मान्य आहे. पण मला आजवर जे काही महत्त्वाचं सापडलं ते त्याच पानावर.

इतकी वर्षं एकाच कंपनीत आहे. जुन्या ग्राहकाला चांगला दर मिळत असेल ना?

असं गृहीत धरू नका. नव्या ग्राहकाला कमी दराने ओढायचं आणि नंतर दरवर्षी थोडं थोडं वाढवत न्यायचं, ही पद्धत इतकी रुजली होती की ब्रिटनच्या वित्तीय नियामकाला त्यात हात घालावा लागला. 1 जानेवारी 2022 पासून तिथे घर आणि मोटार विम्याच्या जुन्या ग्राहकाला नूतनीकरणाचा दर नव्या ग्राहकाच्या दरापेक्षा जास्त लावता येत नाही. जिथे असा नियम नाही तिथे ही काळजी आपली आपणच घ्यायची.

दरवर्षी कंपनी बदलायलाच हवी असं नाही. दरवर्षी विचारायला मात्र हवं. दुसरीकडचं लेखी कोटेशन हातात घेऊन आपल्याच कंपनीला फोन करा आणि सरळ सांगा, 'मला राहायचं आहे, पण एवढा फरक मला परवडत नाही.' बऱ्याचदा काहीतरी कमी होतं. नाही झालं तर कोटेशन आहेच. क्लेमच्या वेळी चांगली वागलेली कंपनी असेल तर थोडा जास्त दर देऊनही मी तिथे राहतो, कारण तो चांगुलपणा दुसरीकडे मिळेलच याची खात्री नसते.

गाडी आणि घर दोन्हींचा विमा एकाच कंपनीकडे घेतला तर?

बऱ्याच कंपन्या त्यावर सूट देतात. पण सूट म्हणजे बचत नव्हे. एका कंपनीचा गाडीचा दर चांगला आणि घराचा महाग असू शकतो. सूट वजा केल्यावरची बेरीज आणि दोन वेगळ्या कंपन्यांची बेरीज शेजारी लिहा, जी कमी ती घ्या.

गाडीच्या प्रीमियममध्ये माझ्या हातात नेमकं काय असतं?

बरंच काही. आणि त्यातलं पुष्कळसं फक्त जुनी माहिती दुरुस्त करण्याचं काम असतं.

मागे एका मैत्रिणीची नोटीस आम्ही दोघांनी ओळ न् ओळ वाचली. वर्षाकाठी 15,000 किलोमीटर, वापर 'रोज कामावर जाण्यासाठी', गाडी रात्री रस्त्यावर उभी. प्रत्यक्षात ती दोन वर्षांपासून घरून काम करत होती, सर्व्हिसच्या पावत्यांवरचे आकडे पाहिले तर वर्षाला 6,000 किलोमीटरही होत नव्हते, आणि नव्या घरी बंद गॅरेज होतं. चालकांच्या यादीत लेकीचं नाव होतं, ती शिकायला दुसऱ्या शहरात जाऊन वर्ष झालं होतं. यातलं काहीच खोटं सांगितलेलं नव्हतं. कधीकाळी खरं होतं, पुढे कोणी विचारलं नाही आणि हिनेही कळवलं नाही. एका फोनमध्ये चार गोष्टी दुरुस्त झाल्या आणि त्याच वर्षीपासून प्रीमियम खाली आला.

दर कशावरून ठरावेत यावर जगभर वाद झाले आहेत. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 1988 मध्ये कौल दिला की मोटार विम्याचा दर आधी चालकाची अपघात-दंडाची नोंद, मग वर्षाला किती अंतर गाडी चालते, मग किती वर्षांचा अनुभव आहे, या क्रमाने ठरावा. युरोपीय संघाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये पुरुष आणि स्त्री म्हणून वेगळा दर लावण्याला मनाई केली आणि 21 डिसेंबर 2012 पासूनच्या नव्या करारांना ती लागू झाली. तुमच्याकडे काय ग्राह्य धरतात ते एजंटला विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी चालवण्याची नोंद आणि अंतर या दोन गोष्टींना वजन असतं, आणि दोन्ही तुमच्या हातात आहेत. वेगमर्यादा मोडल्याचा एक दंड भरून संपत नाही, पुढची काही वर्षं तो प्रीमियममधून निघत राहतो.

गाडीत ट्रॅकर किंवा मोबाइलवर ॲप लावून सूट मिळते म्हणे. घ्यावी का?

कमी चालवणारा, रात्री उशिरा बाहेर न पडणारा, ब्रेक हळू लावणारा माणूस असेल तर त्याला फायदा होतो. गर्दीच्या रस्त्यावर रोज अडकणाऱ्याला जोरात ब्रेक लावावेच लागतात आणि यंत्राला गर्दी दिसत नाही, नुसता ब्रेक दिसतो. घेण्याआधी दोन गोष्टी विचारा: नोंद वाईट आली तर प्रीमियम वाढतो का, की फक्त सूट जाते? आणि तुम्ही कुठे कधी गेलात ही माहिती कोणाकोणाला दिली जाते? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गोलमाल मिळालं तर मी सूट सोडून देईन.

मुलगा आता गाडी चालवायला लागला आहे. प्रीमियम एकदम वाढला.

वाढणारच, कारण नवशिक्यांचे अपघात जास्त होतात. घरातली सर्वांत साधी, कमी ताकदीची गाडी त्याच्या नावापुढे लागेल असं बघा. मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षणावर सूट आहे का ते विचारा, काही ठिकाणी अभ्यासातल्या चांगल्या गुणांवरही मिळते.

एक गोष्ट मात्र करू नका. मुलगा रोज चालवत असताना 'मुख्य चालक' म्हणून वडिलांचं नाव लावणं ही खोटी माहिती आहे. अपघात झाला की चौकशीत पहिल्या तासात ते बाहेर येतं, आणि पोराचं पहिलंच मोठं संकट बापाच्या सहीमुळे दुप्पट होतं. हे मी फार जवळून पाहिलं आहे.

जुन्या गाडीला पूर्ण विमा ठेवावा का?

तिसऱ्या माणसाच्या, म्हणजे तुमच्या गाडीमुळे ज्याचं नुकसान होईल त्याच्या, नुकसानीचा विमा गाडी कितीही जुनी झाली तरी हवाच, जवळजवळ सगळीकडे कायद्यानेही. प्रश्न फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा आहे. गाडी पूर्ण मोडली तर कंपनी तिची आजची किंमत देते, त्यातून डिडक्टिबल वजा होतं. एवढ्याच रकमेसाठी तुम्ही दरवर्षी भरत असता. ढोबळ आडाखा असा की या भागाचा प्रीमियम गाडीच्या आजच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्याजवळ पोहोचला की तो भाग सोडायचा विचार करावा. मात्र गाडीवर कर्ज असेल तर सहसा सोडता येत नाही. आणि दुसरी गाडी घेण्याची ऐपत अजिबात नसेल, रोजी त्याच गाडीवर असेल, तर आडाखा बाजूला ठेवून विमा चालू ठेवा.

नवी गाडी घेताना विम्याचा विचार कधी करायचा?

पैसे देण्याआधी. आवडलेल्या दोन-तीन मॉडेलचे प्रीमियम विचारून घ्या. सुटे भाग महाग असलेली, चोरांच्या आवडीची किंवा जास्त ताकदीची गाडी दरवर्षी जास्त मागते. आजकाल बंपर आणि काचेमध्ये सेन्सर, कॅमेरे असतात. पूर्वी जो ठोका पत्रा सरळ करून निघायचा, त्याला आता भाग बदलून कॅमेऱ्याचं पुन्हा जुळवणं करावं लागतं.

घराची विमा रक्कम किती ठेवायची? कमी ठेवली तर प्रीमियम वाचतो ना?

इथे थोडं थांबून वाचा, कारण वाचवण्याच्या नादात सर्वांत मोठं नुकसान याच जागी होतं.

घराची बाजारातली किंमत आणि घर पुन्हा उभं करायचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाजारभावात जमीन येते, आणि जमीन जळत नाही. स्वतंत्र घर असेल तर विमा बांधकामाच्या खर्चाचा हवा: साहित्य, मजुरी, जळका राडारोडा उचलणं, नकाशे, परवानग्या. महागड्या वस्तीत बाजारभावाने विमा घेतला तर तुम्ही जमिनीवर फुकट प्रीमियम भरता. तिथे रक्कम खाली आणणं ही खरी बचत आहे. उलट स्वस्त वस्तीत बांधकामाचा खर्च बाजारभावापेक्षा जास्तही निघू शकतो.

आता बांधकामाच्या खर्चापेक्षाही कमी रक्कम ठेवली तर काय होतं ते पाहा. बऱ्याच पॉलिसींमध्ये सरासरीचं कलम असतं. समजा घर उभं करायला 100 लागतील आणि तुम्ही विमा 60 चा घेतला. स्वयंपाकघरात आग लागून 20 चं नुकसान झालं. तुम्हाला वाटतं 60 चा विमा आहे, 20 सहज मिळतील. कंपनी म्हणते, तुम्ही 100 पैकी 60 चाच विमा घेतला होता, म्हणजे उरलेल्या 40 ची विमा कंपनी तुम्ही स्वतः. म्हणून 20 च्या 60 टक्के, म्हणजे 12 मिळतात, आणि त्यातून पुन्हा डिडक्टिबल जातं. विमा रक्कम शिल्लक असूनही 8 खिशातून. हे कलम तुमच्या पॉलिसीत आहे का, ते आजच बघा.

बांधकामाचे दर वाढत असतात, म्हणून ही रक्कम दर दोन-तीन वर्षांनी नव्याने काढावी. खोली वाढवली, वरचा मजला चढवला, तर लगेच कळवावं.

घरातल्या सामानाचं काय?

पॉलिसी 'नव्याच्या किमतीने' आहे की 'घसारा वजा करून', म्हणजे वापरामुळे उतरलेली किंमत कापून, हे पहा. आठ वर्षांच्या फ्रीजला घसारा लावला की हातात फारच थोडं उरतं. घसाऱ्याची पॉलिसी स्वस्त असते. ज्यांच्याकडे मोजकं, जुनं सामान आहे आणि थोडी शिल्लक आहे, त्यांना ती पुरेशी ठरते. दागिने, कॅमेरा, वाद्यं यांना बहुधा वेगळी, छोटी मर्यादा असते.

मोबाइल हातात धरून घरभर एक चक्कर मारा आणि प्रत्येक कपाट, ड्रॉवर उघडून व्हिडिओ काढा. तो घराबाहेर कुठेतरी जपून ठेवा. अर्ध्या तासाचं काम आहे, पैसा लागत नाही, आणि जळालेल्या खोलीत उभं राहून 'इथे काय काय होतं' हे आठवत बसायची वेळ येत नाही.

छोट्या नुकसानीचा क्लेम करावा का?

दुरुस्तीचा खर्च डिडक्टिबलपेक्षा थोडासाच जास्त असेल तर सहसा करू नये. क्लेम न केल्याची जमलेली सूट जाते, पुढची काही वर्षं प्रीमियम चढतो, आणि दोन-तीन छोटे क्लेम लागोपाठ झाले की काही कंपन्या नूतनीकरणालाच नकार देतात. क्लेममधून मिळणारी रक्कम एका बाजूला आणि पुढच्या तीन वर्षांत जाणारी सूट दुसऱ्या बाजूला लिहा.

पण दुसरा माणूस जखमी झाला असेल, किंवा त्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं असेल, तर हा हिशेब करू नका. लगेच कळवा. जागेवर आपापसात मिटलेलं प्रकरण महिन्याभराने वकिलाची नोटीस होऊन येतं, आणि उशिरा कळवलं म्हणून कंपनीला हात वर करायला कारण मिळतं.

घरातल्या पाण्याच्या नुकसानीचा क्लेम मिळत नाही, असं का ऐकू येतं?

अचानक पाइप फुटला तर मिळतो. हळूहळू झिरपलं तर बहुतेक पॉलिसी देत नाहीत. हा फरक मी स्वतःच्या स्वयंपाकघरात शिकलो.

सिंकखालच्या कपाटाचा तळ फुगला होता. आम्ही दार उघडून डबे काढले तेव्हा वास आला. क्लेम केला. सर्व्हेअर आले, गुडघ्यावर बसून त्यांनी टॉर्च लावला आणि प्लायवूडवर अंगठा दाबला. अंगठा पावासारख्या मऊ झालेल्या लाकडात आत गेला. मग त्यांनी पाइपच्या सांध्याकडे बोट केलं. पितळेवर हिरवा थर चढला होता आणि खाली भिंतीवर पिवळसर ओघळ एकाखाली एक सुकले होते. 'हे आजचं नाही,' एवढंच म्हणाले. खरंच नव्हतं. थेंब महिनोन् महिने पडत होता आणि आम्ही डबे त्याच्यावरच ठेवत होतो. क्लेम नामंजूर झाला. खरं तर सांध्यातलं एक रबरी वायसर बदलायचं होतं.

तेव्हापासून महिन्यातून एकदा सिंकखाली कोरडा कागद फिरवून पाहतो. वॉशिंग मशीनची पाण्याची नळी रबराची असेल तर काही वर्षांनी ती बदला. बाहेरगावी जाताना मुख्य कॉक बंद करा. पाणी गळल्यावर वाजणाऱ्या छोट्या गजरावर, धुराच्या गजरावर, चांगल्या कुलपांवर काही कंपन्या सूट देतात. सूट थोडी असते, पण टळलेलं नुकसान मोठं असतं.

पूर आणि भूकंप घराच्या पॉलिसीत येतात का?

काही देशांत येतात, काहींत मुळीच नाही. अमेरिकेत नेहमीच्या घरविम्यात पूर वगळलेला असतो. तिथे 1968 मध्ये पुराच्या विम्यासाठी वेगळी सरकारी योजना सुरू करावी लागली, आणि तिची पॉलिसी सामान्यतः घेतल्यापासून 30 दिवसांनी लागू होते. आभाळ भरून आल्यावर फोन करून उपयोग नाही. पैसे वाचवण्यासाठी हे संरक्षण काढायचं असेल तर आधी तुमच्या जागेचा इतिहास विचारा. पन्नास वर्षं तिथे राहिलेल्या शेजाऱ्याला पाणी कुठवर आलं होतं ते बोटाने दाखवता येतं.

ॲड-ऑन कोणते ठेवायचे, कोणते काढायचे?

एकच ॲड-ऑन दोनदा तर घेतलेला नाही ना, हे आधी बघा. रस्त्यात गाडी बंद पडल्यावर मिळणारी मदत गाडीच्या कंपनीकडून, क्रेडिट कार्डाकडून आणि विम्याकडून अशी तीन ठिकाणांहून असते, आणि मालकाला एकही आठवत नाही. चावी हरवणं, टायर यांसारखे छोटे ॲड-ऑन मी काढतो, पहिल्या उत्तरातल्या कारणासाठी. नव्या गाडीला सुटे भाग घसारा न कापता मिळणारा ॲड-ऑन पहिली काही वर्षं ठेवण्यासारखा असतो. दुसऱ्याच्या नुकसानीची मर्यादा वाढवायची संधी असेल तर ती घ्या. ती वाढवायला त्यामानाने कमी पैसे लागतात.

महिन्याच्या हप्त्याने भरलं तर चालेल का?

चालतं, पण बहुधा त्यात व्याज किंवा आकार मिसळलेला असतो. बारा हप्त्यांची बेरीज करा आणि एकरकमी आकड्याशी ताडून बघा. जमलं तर यंदापासून दरमहा तेवढी रक्कम स्वतःच बाजूला टाका, पुढच्या वर्षी एकरकमी भरता येईल.

एजंटकडून घ्यावा की थेट?

थेट घेतल्यावर काही ठिकाणी स्वस्त पडतो. पण क्लेमच्या वेळी कागद कोणते, कोणत्या क्रमाने, कोणाकडे, हे सांगणारा माणूस तुमच्याकडे नसतो. घर जुनं असेल, त्यात दुकान असेल, काही भाग भाड्याने दिला असेल, तर चांगला एजंट किंवा ब्रोकर आपल्या मेहनतान्यापेक्षा जास्त वाचवून देतो. त्याला एकच विचारा: गेल्या वर्षी तुमच्या किती ग्राहकांच्या क्लेमला तुम्ही स्वतः सोबत गेलात? उत्तर देताना तो कसा बोलतो त्यावरून बरंच कळतं.

मी भाड्याने राहतो. मला काय करायचं आहे?

भिंतींचा विमा मालकाचा, सामान तुमचं. सामानाचा विमा स्वस्त असतो. त्यात तुमच्या चुकीने खालच्या मजल्यावर पाणी गेलं तर त्याची जबाबदारी धरलेली आहे का, तेवढं पाहून घ्या.

नवी पॉलिसी घेतली तर जुनी कधी रद्द करायची?

नवीचा कागद हातात आल्यावर, तिच्यावरची सुरुवातीची तारीख आणि वेळ वाचून. मधे एक दिवसही रिकामा राहता कामा नये. त्या दिवशी गाडी रस्त्यावर आली तर बेकायदा ठरू शकते, आणि खंड पडला की पुढचे दर वाढतात, जमलेली सूटही जाऊ शकते. मुदतीच्या मधेच रद्द करत असाल तर उरलेल्या दिवसांचे पैसे पूर्ण परत मिळतात की आकार कापून, हे लेखी घ्या. कधीकधी कापलेला आकार नव्या दरातल्या फरकापेक्षा जास्त निघतो. तसं असेल तर मुदत संपेपर्यंत थांबा आणि नवं कोटेशन किती दिवस वैध आहे तेवढं विचारून ठेवा.